बालकावर अत्याचार झाल्याची शंका आल्यास बालरोगतज्ज्ञाने काय करावे

ताप, खोकला, लसीकरण, वजन न वाढणे अशा नेहमीच्या तक्रारींच्या गर्दीत कधीतरी एखादे मूल असे येते की त्याच्या अंगावरची खूण आणि सोबतच्या माणसाने सांगितलेली हकीकत यांचा मेळ बसत नाही. त्या क्षणी नेमके काय करायचे, हे ठाणे आणि नवी मुंबईतील बालरोगतज्ज्ञांना, निवासी डॉक्टरांना आणि कुटुंबवैद्यांना हाताशी असावे, यासाठी ही मांडणी आहे. पालकांनी आणि शिक्षकांनीही ती जरूर वाचावी. डॉक्टर काही प्रश्न पुन्हा पुन्हा का विचारतात आणि काही गोष्टी गप्प राहून का लिहितात, हे त्यातून कळेल.

या विषयाचा इतिहास फार जुना नाही. बालकांच्या मेंदूभोवतीचा रक्तस्राव आणि लांब हाडांची मोडतोड एकत्र दिसते, हे क्ष-किरणतज्ज्ञ जॉन कॅफी यांनी १९४६ साली नोंदवले, पण कारण उघडपणे मांडले गेले ते हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९६२ सालच्या लेखात. अमेरिकेत ही आता बालरोगशास्त्राची मान्यताप्राप्त उपशाखा असून तिची पहिली प्रमाणपत्र परीक्षा २००९ साली झाली. आपल्याकडे भारतीय बालरोग अकादमीचा या विषयावर काम करणारा गट आहे, परंतु प्रत्यक्षात ही जबाबदारी त्या दिवशी ओपीडीत जो डॉक्टर बसलेला असतो त्याच्यावरच येते, मग त्याचा दवाखाना घोडबंदर रस्त्यावर असो, कोपरखैरण्यात असो की दिघ्याच्या वस्तीत.

गुन्हेगार कोण हे ठरवण्याचे काम पोलिसांचे आणि न्यायालयाचे आहे, ते डॉक्टरने अंगावर घेऊ नये. डॉक्टरने मुलाला बरे करावे, सुरक्षित ठेवावे आणि जे पाहिले व जे ऐकले ते इतके नेमकेपणाने लिहून ठेवावे की तेच सारे त्या मुलाला पुन्हा चार ठिकाणी सांगावे लागू नये. माझ्या मते या कामाचा सगळा भार त्या केसपेपरवर असतो, म्हणून पुढे त्याविषयी अधिक विस्ताराने लिहिले आहे.

शंका कशावरून घ्यावी

पहिली कसोटी वयाची. जे बाळ अजून कड बदलू लागलेले नाही ते आपणहून पलंगावरून पडू शकत नाही, आणि जे रांगत नाही ते गॅसच्या शेगडीपर्यंत पोहोचू शकत नाही. म्हणून जखम पाहण्याआधी मूल काय काय करू शकते हे विचारून लिहून घ्यावे. हकीकत दर वेळी बदलते आहे का, आई एक सांगते आणि आजी दुसरे सांगते असे होते आहे का, दुखापत होऊन डॉक्टरकडे येण्यात विनाकारण दोन दिवस गेले आहेत का, सगळा दोष दीड वर्षाच्या भावंडावर ढकलला जातो आहे का, हे सगळे शंकेचे मुद्दे आहेत. यातला कोणताही एक मुद्दा पुरावा ठरत नाही, कारण तुर्भ्याच्या खाणीवर किंवा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात रोजंदारीवर जाणाऱ्या आईला दुसऱ्या दिवशीपर्यंत दवाखान्यात येता आले नाही, यात संशयास्पद काहीच नसू शकते. गरिबीला निष्काळजीपणा समजण्याची चूक आपल्या व्यवसायात सहज होते. त्याचबरोबर बंगल्यातून किंवा टॉवरमधून आलेल्या नीटनेटक्या कुटुंबाला प्रश्नच न विचारण्याची चूक त्याहूनही सहज होते.

चालत्या-पळत्या मुलाच्या नडगीवर, गुडघ्यावर आणि कपाळावर काळेनिळे डाग असणारच. चार वर्षांखालील मुलाच्या कानावर, मानेवर, छाती-पोट-पाठीवर, गालाच्या मांसल भागावर, जबड्याच्या कोपऱ्यावर किंवा पापणीवर डाग असेल, वरचा ओठ आणि हिरडी जोडणारी आतली पट्टी फाटलेली असेल किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्त उतरलेले असेल, तर थांबून पूर्ण तपासणी करावी. साधारण पाच महिन्यांखालील बाळाच्या अंगावर कुठेही काळानिळा डाग दिसला तर तो किरकोळ मानू नये, कारण स्वतःहून न हलणाऱ्या बाळाला असा डाग सहसा होत नाही. दुमडलेल्या वायरचा दुहेरी वळ, पट्ट्याच्या बक्कलचा ठसा, गालावर उमटलेली बोटे यांचे आकार स्वतःच बोलतात. मात्र डागाच्या रंगावरून 'हा तीन दिवसांपूर्वीचा आहे' असे लिहू नये, कारण रंगावरून वय सांगण्याची पद्धत विश्वासार्ह नसल्याचे सिद्ध झाले आहे आणि उलटतपासणीत अशा एका वाक्याने संपूर्ण अहवाल डळमळीत होतो.

भाजण्याच्या जखमा बारकाईने पाहाव्या लागतात. मुलाने ओट्यावरचा चहाचा टोप स्वतःवर ओढला असेल तर हनुवटी, खांदा, छाती आणि एक हात असे वरून खाली ओघळत गेलेले, कडा वेड्यावाकड्या असलेले, खाली येता येता उथळ होत गेलेले पोळणे दिसते. आंघोळीच्या गरम पाण्याच्या बादलीत मुलाला धरून बसवले असेल तर चित्र अगदी वेगळे असते: दोन्ही पायांवर मोजे घातल्यासारखी एकाच उंचीवर संपणारी ठळक रेषा, सगळीकडे सारखीच खोली, शिंतोडे जवळजवळ नाहीत, मूल पाय आखडून घेत असल्याने गुडघ्यामागची आणि जांघेतली घडी कोरडी राहिलेली आणि बादलीच्या थंड तळाला टेकलेला कुल्ल्यांचा मधला भाग वाचलेला. अशा वेळी बादली प्लास्टिकची होती की धातूची, पाणी गॅसवर तापवले की हीटरच्या दांडीने, नळाचे पाणी आधी घातले की नंतर, मूल त्या वेळी उभे होते की बसलेले, हे सगळे विचारून उत्तरे जशीच्या तशी लिहावीत. पोलीस पंचनाम्याला जातील तेव्हा घरातली परिस्थिती या उत्तरांशी ताडून पाहता येते.

दोन वर्षांखालील मुलात शारीरिक इजेची शंका असेल तर संपूर्ण सांगाड्याचे वेगवेगळे क्ष-किरण काढावेत. सगळे बाळ एकाच फिल्मवर घेऊ नये, त्यात बारीक अस्थिभंग दिसत नाहीत. पाठीच्या कण्याजवळ मोडलेल्या बरगड्या, लांब हाडांच्या टोकाशी असलेले कोपऱ्यातले तुकडे, खांद्याच्या फऱ्याचा किंवा छातीच्या मधल्या हाडाचा भंग आणि न चालणाऱ्या बाळाच्या मांडीचे मोडलेले हाड यांना विशेष महत्त्व आहे. ताज्या फटी पहिल्या दिवशी दिसत नाहीत, म्हणून सुमारे दोन आठवड्यांनी क्ष-किरण पुन्हा काढावेत. अतिसार नसताना होणाऱ्या उलट्या, टाळू फुगणे, आकडी आणि ग्लानी यांत मेंदूचे स्कॅन आणि बाहुली मोठी करून नेत्रतज्ज्ञाकडून दृष्टिपटलाची तपासणी अवश्य करून घ्यावी, कारण जोराने हलवलेल्या बाळाच्या अंगावर बाहेरून एक ओरखडाही नसू शकतो. पोटात मार लागल्याची शंका असल्यास यकृताची विकरेही तपासावीत. आणि घरातली बाकीची भावंडे त्याच दिवशी पाहावीत.

शंका घेण्याइतकेच महत्त्व ती योग्य वेळी सोडून देण्याला आहे. आपल्याकडे बहुसंख्य बाळांच्या कमरेवर आणि कुल्ल्यांवर जन्मतः निळसर डाग असतात. ते महिनोन्महिने बदलत नाहीत आणि दाबल्यावर दुखत नाहीत, म्हणून पहिल्या लसीकरणाच्या वेळीच त्यांची नोंद करून ठेवावी. बिब्बा उतलेल्या मुलाच्या अंगावरचे काळे चट्टे आणि फोड अगदी भाजल्यासारखे दिसतात. पोट फुगले म्हणून बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने चटके देण्याची मेळघाटातली प्रथा सर्वांना ठाऊक आहे, आणि स्थलांतर होऊन आलेल्या कुटुंबांबरोबर असे व्रण ठाणे जिल्ह्यातही पाहायला मिळू शकतात. अशा ठिकाणी हेतू दुष्ट नसला तरी इजा ही इजाच असते. तिची नोंद करावी आणि कुटुंबाला न रागावता समजवावे. पुवाळलेल्या गोल फोडांना सिगारेटचे चटके समजले जाते. बिंबाणू कमी होण्याचा आजार, हिमोफिलिया, केवळ अंगावर पिणाऱ्या बाळातील जीवनसत्त्व केची कमतरता, मुडदूस आणि हाडे ठिसूळ असण्याचा जन्मजात आजार ही सारी कारणे तपासण्यांनी वगळावीत आणि वगळल्याचे केसपेपरवर लिहावे. लहान मुलींना जंतांमुळे होणारी खाज आणि लाली ही लैंगिक अत्याचाराची खूण मानून घाबरलेली आई दवाखान्यात येते, हेही आपल्या नित्य अनुभवाचे आहे.

मुलाशी आणि पालकांशी बोलताना

मुलाशी शक्यतो स्वतंत्र बोलावे, पण दार लोटून एकट्याने नव्हे. खोलीत एक सिस्टर किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती असावी. प्रश्न मोकळे असावेत. 'मला सांग काय झालं', 'मग काय झालं' एवढ्यावर बरेच काही येते. 'काकांनी तुला मारलं ना?' असा प्रश्न विचारला की उत्तर मुलाचे राहत नाही, ते आपले होते, आणि पुढे बचाव पक्षाचा वकील नेमके तेच दाखवून देतो. वैद्यकीय निर्णयासाठी लागेल तेवढेच विचारावे. सविस्तर जबाब घेणे हे आपले काम नाही. मूल गप्प राहिले तर त्याला गप्प राहू द्यावे आणि 'मी कुणालाही सांगणार नाही' असे वचन कधीही देऊ नये, कारण ते आपल्याला पाळता येणार नसते. त्याऐवजी 'तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही, आता तुला दुखू नये म्हणून मला आणखी दोघा-तिघांशी बोलावं लागेल' असे सांगावे.

मूल भोजपुरी, कन्नड किंवा तेलुगू बोलत असेल तर दुभाषा म्हणून घरच्या माणसाला घेऊ नये. रुग्णालयातली एखादी मावशी किंवा सिस्टर ती भाषा जाणत असेल तर तिची मदत घ्यावी आणि तिचे नाव नोंदीत लिहावे.

पालकांशी बोलताना आवाज चढवू नये आणि आरोपही करू नये. 'ताई, एवढ्या लहान बाळाच्या कानामागे असा डाग दिसला की आम्ही प्रत्येक बाळाची ही तपासणी करतो, आणि अशा वेळी पोलिसांना कळवणं कायद्याने आमच्यावर बंधनकारक आहे' असे सरळ सांगितले की निम्मा ताण कमी होतो. मूल घरी गेल्यास धोका आहे असे वाटत असेल तर त्याला दाखल करून घेणे हा सर्वांत सोपा आणि सुरक्षित मार्ग होय. दाखल करण्यासाठी वैद्यकीय कारण जवळजवळ नेहमीच असते. पालक मूल घेऊन निघून जाण्याची भीती असेल तर वाट न पाहता पोलिसांना आणि बाल कल्याण समितीला (संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) लगेच कळवावे.

लैंगिक अत्याचाराची तपासणी

येथे पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की लैंगिक अत्याचार झालेल्या बहुसंख्य मुलांच्या तपासणीत कोणतीही शारीरिक इजा आढळत नाही. त्या भागाच्या जखमा लवकर आणि बहुधा व्रण न ठेवता भरून येतात, अत्याचाराचे अनेक प्रकार इजा करणारे नसतात, आणि मूल बहुधा बऱ्याच दिवसांनी बोलते. म्हणून 'अत्याचार झाल्याचे आढळत नाही' असे वाक्य अहवालात कधीही लिहू नये. 'तपासणीत इजा आढळली नाही. त्यावरून अत्याचार झाला नाही असे म्हणता येत नाही' हे शास्त्रीयदृष्ट्या खरे आहे आणि तेवढेच लिहावे. दोन बोटांची चाचणी पूर्णपणे त्याज्य आहे; सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तिला पीडितेच्या प्रतिष्ठेचा भंग ठरवले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरले जाईल असे बजावले.

केंद्रीय महिला व बाल विकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले आणि त्यात मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. मुलग्यांच्या बाबतीत हा प्रश्न मनातही न आणण्याची आपली सवय या आकड्यापुढे टिकत नाही.

खाजगी दवाखान्यात असे मूल आले तर गुप्तांगाची तपासणी तिथे करू नये, कारण ती शासकीय किंवा महापालिकेच्या रुग्णालयात पुन्हा होणारच असते आणि तेच मुलाला दोनदा सोसावे लागते. रक्तस्राव थांबवणे, वेदना कमी करणे हे तातडीचे उपचार करावेत, पोलिसांना कळवावे आणि सविस्तर चिठ्ठी देऊन जिल्हा सामान्य रुग्णालयात, कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा वाशीच्या महापालिका रुग्णालयात पाठवावे. आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका आणि बदलले असतील तर ते कागदाच्या पिशवीत घेऊन या, हे पालकांना स्पष्ट सांगावे. प्लास्टिकच्या पिशवीत ओलावा धरून नमुने कुजतात.

रुग्णालयातील डॉक्टरने पोलिसांच्या पत्राची वाट पाहू नये. पोक्सो, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, याच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तातडीच्या उपचारासाठी कोणतेही पत्र किंवा आदेश मागता येत नाही, आणि त्याच अधिनियमाच्या कलम २७ प्रमाणे गुन्हा नोंदलेला नसला तरी तपासणी करता येते. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करावी, आणि मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती त्या वेळी हजर असावी. १२ वर्षांखालील मुलासाठी पालकाची आणि १२ किंवा त्याहून अधिक वयाच्या मुलासाठी त्याची स्वतःची संमती घ्यावी, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या सूचना सांगतात. मुलाने तपासणीला नकार दिला तर तो नकार लिहून घ्यावा, उपचार मात्र पूर्ण द्यावेत. सोबतचा पालकच संशयाच्या कक्षेत असेल तर संमतीचा प्रश्न रुग्णालय प्रमुखांकडे आणि बाल कल्याण समितीकडे न्यावा.

नमुने ९६ तासांपर्यंत घेता येतात, आणि ते घटनेच्या स्वरूपानुसार घ्यावेत. प्रत्येक मुलाचे सगळे नमुने घेण्याचा हट्ट धरू नये. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे गरज असल्यास शक्य तितक्या लवकर, शक्यतो पहिल्या दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस द्यावीत. पाळी सुरू झालेल्या मुलीला आपत्कालीन गर्भनिरोधक लवकरात लवकर द्यावे. हिपॅटायटीस बी आणि धनुर्वाताच्या लसी तपासून पूर्ण कराव्यात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ प्रमाणे हे उपचार खाजगी रुग्णालयालाही विनामूल्य द्यावे लागतात आणि नाकारल्यास शिक्षा आहे. बिलिंगच्या खिडकीवर बसणाऱ्या कर्मचाऱ्याला हे आधीच सांगून ठेवावे, कारण गोंधळ बहुधा तिथेच होतो.

सोळा-सतरा वर्षांची मुलगी गर्भवती होऊन आईबरोबर येते आणि संबंध तिच्या मर्जीचे होते असे सांगते, हा प्रसंगही वारंवार येतो. १८ वर्षांखाली कायदा मर्जी मानत नाही, त्यामुळे कळवणे टळत नाही. परंतु सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये असा निर्णय दिला आहे की, मुलीने आणि पालकांनी विनंती केल्यास गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला या माहितीत तिचे नाव व ओळख उघड करण्याची गरज नाही. हे तिला सुरुवातीलाच सांगितले तर ती भोंदू वैद्याकडे जाण्याची शक्यता खूप कमी होते.

कुठे आणि कसे कळवावे

पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे लैंगिक अत्याचार झाल्याची किंवा होण्याची शक्यता असल्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा दडवल्यास एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. सद्भावनेने कळवणाऱ्यावर कोणतीही दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. डॉक्टरला खात्री असण्याची गरज नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील लहान मुलींचे प्रकरण उघड झाल्यावर मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा तक्रार नोंदवण्यातील विलंब आणि माहिती असूनही शाळेने ती न कळवणे या दोन्ही गोष्टींवर न्यायालयाने बोट ठेवले होते.

केवळ मारहाण किंवा दुर्लक्ष असेल तर कलम १९ लागू होत नाही, पण बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ प्रमाणे ताब्यातील मुलाशी क्रूरपणे वागणे हा गुन्हा आहे, म्हणून अशा प्रत्येक मुलाची मेडिकोलीगल (न्यायवैद्यकीय) नोंद करावी आणि बाल कल्याण समितीला लेखी कळवावे.

आपल्या भागात हद्दीचा घोळ नेहमी होतो. नवी मुंबई पोलीस आयुक्तालय ऐरोलीपासून पनवेलपर्यंत पसरलेले आहे, पण बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे जिल्ह्यात आणि खारघर, कामोठे, कळंबोली रायगड जिल्ह्यात मोडतात; बाल कल्याण समिती जिल्ह्यानुसार असल्याने पोलीस तेच असूनही समिती बदलते. मूल कुठे राहते आणि घटना कुठे घडली, हे दोन्ही पत्ते म्हणून स्वतंत्र लिहावेत. 'आमच्या हद्दीत येत नाही' असे उत्तर मिळाल्यास कोणत्याही पोलीस ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, हे शांतपणे लक्षात आणून द्यावे. रात्री कुणी भेटत नसेल तर १०९८ (बालकांची मदतवाहिनी) किंवा ११२ (आपत्कालीन क्रमांक) वर फोन करावा आणि फोनची वेळ लिहून ठेवावी.

फोन केला तरी लेखी पत्र द्यावेच. कायद्याप्रमाणे अशा प्रत्येक माहितीला पोलिसांनी नोंद क्रमांक द्यायचा असतो. तो क्रमांक आणि पोच मागून घ्यावी आणि केसपेपरला जोडावी. पोलिसांनी २४ तासांत समितीला कळवायचे असते. मुलाचा जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता आणि मुलाला सोयीच्या ठिकाणी घ्यायचा असतो. वॉर्डात गणवेशातला हवालदार आला तर त्याला बाहेर बसवण्याचा अधिकार आणि कर्तव्य डॉक्टरचे आहे.

केसपेपर

तारखेबरोबर वेळ लिहावी. मूल कुणाबरोबर आले, माहिती कुणी दिली आणि ती देताना खोलीत कोण होते, हे लिहावे. मुलाचे शब्द अवतरणचिन्हांत, त्याच्याच भाषेत आणि त्याच्याच उच्चारात ठेवावेत, आणि त्याआधी आपण विचारलेला प्रश्नही लिहावा. 'वडिलांनी मारहाण केल्याचे मूल सांगते' या वाक्याला फारसे वजन नाही. 'प्रश्न : हे काय झालं? उत्तर : पप्पा दारू पिऊन आला, पट्टा काढला, मी मोरीत लपलो' ही तीच माहिती आहे, पण आठ वर्षांनी वाचणाऱ्या न्यायाधीशासमोरही ते मूल उभे राहते. शरीराच्या अवयवांसाठी मुलाने वापरलेला घरगुती शब्द बदलून वैद्यकीय शब्द घालू नये. तो शब्द आणि मुलाने बोट दाखवलेली जागा दोन्ही लिहावे. रडला, हसला, आईकडे पाहून थांबला, हे दिसले तसे लिहावे, त्याचा अर्थ लावू नये.

प्रत्येक जखमेची जागा जवळच्या हाडाच्या खुणेपासून सेंटिमीटरमध्ये मोजावी, आकार, रंग आणि कडा लिहाव्यात आणि शरीराच्या आकृतीवर क्रमांक टाकावेत. छायाचित्र आधी दुरून, मग जवळून पट्टी ठेवून घ्यावे. ते रुग्णालयाच्या कॅमेऱ्यातच असावे. निवासी डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप गटावर असे एकही छायाचित्र जाता कामा नये, कारण मुलाची ओळख उघड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. वॉर्डातल्या फलकावर निदानाच्या जागी 'पोक्सो' लिहिण्याची पद्धत ताबडतोब बंद करावी.

'कथित', 'म्हणे', 'नाटक करते' असे शब्द नोंदीत येऊ देऊ नयेत. मत शेवटी, स्वतंत्र परिच्छेदात आणि कारणांसह द्यावे: सांगितलेली हकीकत या इजेशी जुळते, जुळत नाही किंवा निश्चित सांगता येत नाही. तिसरे उत्तरही पूर्णपणे प्रामाणिक उत्तर आहे. अहवाल सात दिवसांच्या आत तपास अधिकाऱ्याकडे गेला पाहिजे, आणि नमुने कुणी, कधी व कुणाच्या हाती सोपवले याची सही असलेली साखळी कुठेही तुटता कामा नये.

न्यायालयात

समन्स येईपर्यंत बराच काळ गेलेला असतो आणि चेहरा आठवत नाही. मूळ कागद आधी वाचावेत, सरकारी वकिलांना भेटावे आणि कोर्टात केवळ नोंदीवर बोलावे. आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणावे. 'डॉक्टर, पडूनही असे होऊ शकते ना?' या प्रश्नाला 'या वयाच्या, न चालणाऱ्या बाळात, या जागी, या आकाराची जखम पडून होण्याची शक्यता फार कमी आहे' असे पूर्ण वाक्यात उत्तर द्यावे. 'हो' किंवा 'नाही' एवढ्यात अडकू नये.

त्यानंतर

पहिल्या तपासणीनंतर एक-दोन आठवड्यांत मुलाला पुन्हा बोलवावे. काही जखमा तोपर्यंत स्पष्ट होतात, आणि झोप न लागणे, पुन्हा अंथरूण ओले करणे, शाळेत न जाणे ही लक्षणे याच काळात दिसू लागतात. सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिने या टप्प्यांवर रक्ताच्या तपासण्यांच्या तारखा आजच लिहून द्याव्यात. तपासात आणि खटल्यात मुलाला साथ देण्यासाठी समितीकडून मिळणारी सहाय्यक व्यक्ती कोण आहे हे विचारून तिचा संपर्क केसपेपरवर ठेवावा. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०१३ पासून अत्याचारपीडित महिला व बालकांना आर्थिक मदत देणारी मनोधैर्य योजना आहे आणि तिचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत पुढे जातो. ही माहिती कुटुंबाला बहुधा कुणी दिलेली नसते, म्हणून ती डॉक्टरने कागदावर लिहून द्यावी. आईला वेगळे बसवून तिच्यावरही घरी हात उगारला जातो का हे विचारावे, कारण मूल आणि आई एकाच घरात, एकाच माणसाच्या भीतीत राहत असण्याची शक्यता मोठी असते, आणि मुलाच्या सुरक्षिततेचा कोणताही आराखडा तिला वगळून टिकत नाही. पुढच्या भेटीसाठी संशयिताचा नसलेला, तिच्या माहेरचा किंवा शेजारणीचा फोन क्रमांक घ्यावा, आणि ठरल्या दिवशी मूल आले नाही तर त्याच दिवशी त्या क्रमांकावर फोन करावा.